खामोशी म्हणजे रजामंदी?

निकाहासाठी विचारल्यावर कुमारी मुलगी गप्प राहिली, तर तिची खामोशी हीच रजामंदी समजावी, असे हदीसमध्ये आले आहे. लाजणाऱ्या मुलीला दिलेली ती सवलत. आमचा सवाल असा, की एका प्रसंगापुरती ही सवलत आपल्या समाजाने स्त्रीच्या सबंध आयुष्याला का लागू केली? मुले किती, दोन बाळंतपणांत अंतर किती, ऑपरेशन कुणाचे, सारे तिच्या गप्प राहण्यावर ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली आढळली. पुरुषाची अवघ्या ०.३ टक्के जोडप्यांत.

ही खामोशी ऐकायची कशी? चित्रकार रंग वापरतो तसे नोंदवलेले आवाज वापरणारी ध्वनिकला इथे कामी येते. कॅनडात स्थायिक झालेल्या हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांनी १९८८ मध्ये ‘मोमेंट्स ऑफ लाफ्टर’ ही रचना केली. त्यात त्यांच्या मुलीचे लहानपणापासून टिपलेले आवाज आहेत आणि त्यांना रंगमंचावरून एक स्त्री आपल्या आवाजाने साद देते. लेकराच्या रडण्या-हसण्यात आईचा स्वतःचा आवाज कुठे असतो, हा प्रश्न ऐकणाऱ्याला सोडत नाही.

आपल्या मुलखात हे काम जात्याने केले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लेकीचा जन्म, वांझपणाचे टोमणे, सासरचा जाच, घरात जे बोलता येत नव्हते ते बाईने जात्याच्या घरघरीत बोलून घेतले.

कुणी म्हणेल, औरतीच्या आवाजालाही परदा आहे. पण ध्वनिमुद्रणात चेहरा दिसत नाही, नावही लागत नाही. शर्त एकच: टिपायला आणि ऐकवायला तिची रजामंदी हवी. तिला न विचारता टिपलेला आवाज म्हणजे तिच्याकडून आणखी एक चीज हिरावणे.

विचारण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. गर्भ राहू नये म्हणून पती अज्ल करणार असेल, तर पत्नीची परवानगी घ्यावी, असे हनफी फिकहचे मूळ मत आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदाही सज्ञान स्त्रीची संमती मागतो. पतीची सही मागत नाही. दीन विचारतो, कायदा विचारतो. घरात मात्र कुणी विचारत नाही.

उर्दू शाळेत आम्ही मुलींना बजावतो, नज्म अशी म्हणा की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावी. त्याच मुलीचा आवाज उद्या तिच्याच घरात पोहोचत नसेल, तर आम्ही तिला आणखी मोठ्याने बोलायला सांगू नये. तिच्या घरच्यांना ऐकायला शिकवावे.