वीणेचा पहारा

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लागतात. पुण्यात मी सर्व्हर सांभाळतो, जागरणाची सवय आहे, म्हणून दोन ते चारचा पहारा माझा.

माझ्या नोकरीतही पहाराच असतो. आलेली प्रत्येक मागणी कोणत्या सर्व्हरकडे धाडायची, हे लोड बॅलन्सर ठरवतो. तो एकटाच असला आणि पडला, तर मागचे सगळे सर्व्हर धडधाकट असूनही दार बंद. म्हणून दोन ठेवतात. लोकांना ठाऊक असलेला पत्ता दोघांपैकी कुणाच्याच मालकीचा नसतो. ज्याचा पहारा, तो दर सेकंदाला 'मी आहे' अशी हाक देतो. तीनेक हाका चुकल्या की दुसरा तो पत्ता उचलतो.

दोघांनी मिळून भार वाहिला तर जास्त मागण्या पेलतात. पण प्रत्येकाने निम्म्याच्या आत राहायचं, नाहीतर एक पडला की त्याच्या ओझ्याने दुसराही बसतो. ताकद असून ती सोबत्यासाठी राखायची, हे मला फार उशिरा पटलं.

एकदा रात्री दोघांमधला दुवाच तुटला. दोघेही जिवंत, पण दोघांनाही वाटलं दुसरा गेला, आणि दोघांनीही पत्ता धरला. निम्म्या लोकांचं काम अडलं. अशा वेळेसाठी काही ठिकाणी तिसरा ठेवतात. तो भार वाहत नाही, कोण जागं आहे एवढंच बघतो. त्याला साक्षीदारच म्हणतात. कीर्तनात ऐकलेला 'साक्षी' मला त्या रात्री कळला.

पण काम दोघांनी मिळून केलं, तर सेवा केली कुणी म्हणायचं? गंगाखेड जनाबाईंचं गाव. विठ्ठल त्यांना दळू लागला, ही गोष्ट इथलं पोरगंही सांगतं. मला त्यात मोठी वाटते ती एवढीच गोष्ट, की देव आला तरी जनाबाईंनी खुंटा सोडला नाही. एका खुंट्यावर दोन हात. पीठ कुणाचं म्हणायचं?

चारला माझे वडील, अण्णा, पहारा घ्यायला आले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे धरलेले. मी "राहू द्या" म्हणेपर्यंत ते वाकलेही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया बापानेही पडायचं. मग मी वाकलो. पट्टा माझ्या गळ्यातून निघून त्यांच्या गळ्यात जाईपर्यंत वीणेवर आमचे चार हात होते, आणि तार वाजत होती.