चालायला निघण्याआधी

बूट घालायला बसलात, तसेच क्षणभर बसून राहा. श्वास त्याच्या लयीत येऊ द्या. हात धुऊन, पुसून बोटाच्या कडेला टोचा. मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. थेंब पट्टीला लावा आणि वाट पाहा.

आकडा कितीही येवो, त्यावरून स्वतःला शाबासकी नको, बोलही नको. इन्सुलिन किंवा ग्लायमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि शुगर ९० च्या खाली असेल, तर आधी एखादं केळं खा. २५० च्या वर असेल तर, विशेषतः टाइप १ मध्ये, कीटोन तपासा. ते निघाले तर आज व्यायाम नको.

आता चाला. सावकाश. लक्ष पोटऱ्यांकडे न्या, मग मांड्यांकडे. तिथले स्नायू या घडीला रक्तातली साखर ओढून घेत आहेत. एरवी त्यासाठी इन्सुलिन लागतं, पण काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतो. इथे थोडं रेंगाळा. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या शरीरातही ही वाट मोकळी आहे. वर्षानुवर्षं आपण ज्याला बिघडलेलं म्हणत आलो, ते शरीर आत्ता, प्रत्येक पावलाला, आपलं काम चोख करतं आहे. मला याचा फार मोठा दिलासा वाटतो.

जोरात धावलात, जड वजन उचललंत, तर अ‍ॅड्रेनालिनमुळे शुगर काही वेळ चढतेही. घाबरू नका.

मधूनच स्वतःला विचारा: हा घाम चालण्याचाच ना? की गार आहे? हात कापताहेत? छातीत धडधडतंय? उगाच चिडचिड होतेय? शुगर उतरल्याची शंका आली की थांबा, तपासा. 'कोपऱ्यापर्यंत तर जाऊन येऊ' असं मन म्हणेल, ऐकू नका. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर खिशातल्या पुडीतली तीन चमचे साखर तोंडात टाका, पंधरा मिनिटं बसा, पुन्हा तपासा. पेढा, चॉकलेट यांचा उपयोग नाही. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

घरी आलात, तरी स्नायूंचं काम संपलेलं नसतं. रिकामे झालेले साठे ते पुढे कित्येक तास भरत राहतात, म्हणून शुगर रात्री झोपेतही उतरू शकते. जास्त चालणं झालं त्या दिवशी निजण्यापूर्वी एकदा तपासा. डोस कमी करायचा का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि रात्री घामाने भिजून जाग आली, तर अंगावर काढू नका, घरच्यांना उठवा.