तपासणाराचे अज्ञान

दुसऱ्याचे काम तपासणाराने आपले अज्ञान झाकावे काय? कोरेगावास आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गिटारीसाठी घरी करावयाच्या कोरस-यंत्राचा आराखडा आमच्यापुढे ठेविला. मूळ स्वरात त्याचीच किंचित मागे रेंगाळणारी, हेलकावणारी प्रत मिसळली म्हणजे एक वाद्य अनेकांसारखे भासते; १९७६ च्या 'बॉस सीई-१' पासून ही युक्ती रूढ झाली. त्यातील 'एमएन ३००७' या विलंब-चिपचा 'ग्राउंड' पाय धन टोकास जोडलेला पाहून आम्ही ऐटीत लाल फुली मारली! वस्तुतः ही चिप ऋण दाबावर चालणारी. सबब साध्या धन पुरवठ्यावर तो पाय धनाकडेच हवा. मुलाने भीतभीतच तसे सांगितले. ती फुली आम्ही खोडिली. पण इतकी वर्षे ज्या उत्तरपत्रिकांना बोलता आले नाही, त्यांवरील फुल्यांचे काय?