दूरचा शेजारी

१९३६ ते १९३९ या काळात स्पेन यादवी युद्धात होरपळत असता वेल्स प्रांतातून दीडशेहून अधिक माणसे तेथील प्रजासत्ताकाच्या बाजूने लढावयास गेली. त्यांत बहुसंख्य कोळशाच्या खाणीतील कामगार होते. नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार हेही त्याच युद्धात उतरले. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथून ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश तुकडीत दाखल झाले. परक्याच्या घरातील भांडणात माणूस आपला प्राण का पणाला लावतो?

या खाणकामगारांपैकी अनेक जण साम्यवादी होते, अनेकांनी बेकारी सोसली होती. ही कारणे खरी आहेत; पण तेवढ्यावर कोणी मरणाच्या वाटेला लागत नाही. खाणीचा स्वतःचा एक धर्म असतो. १९१३ साली वेल्समधील सेंगहेनिथ येथील स्फोटात ४३९ खाणकामगार दगावले. अशा वेळी वर सुखरूप असलेला माणूस, आत अडकलेला कोण हे न विचारता खाली उतरतो. १९३४ मध्ये स्पेनच्या अस्टुरियास प्रांतातील खाणकामगारांचा उठाव लष्कराने चिरडला. ज्याने आयुष्य जमिनीखाली काढले, त्याला ती माणसे परकी कशी वाटावीत?

संत थॉमस अक्वायनस यांनी प्रीतीलाही क्रम असतो असे शिकविले. जवळच्यांचा हक्क आधी. मात्र परका आत्यंतिक गरजेत असेल आणि आप्तावर तशी वेळ नसेल, तर आधी परक्याला साह्य करावे, असेही ते सांगतात. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी याच न्यायाने वाटेत थांबला.

तथापि ख्रिस्ती वाचकाला येथेच समाधान मानता येणार नाही. प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सुमारे सात हजार धर्मगुरू व व्रतस्थांची हत्या झाली. उलट बाजूस, फ्रँकोच्या सैन्याने काही बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. हुद्दार १९३८ मध्ये पकडले गेले व सान पेद्रो द कार्देन्या येथे बंदिवासात राहिले. ती वास्तू मूळची एक मठ होती. प्रार्थनेच्या जागेचा तुरुंग झाला, कारण ज्याला त्याला आपल्याच बाजूचा जखमी दिसत होता.

हा प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्याला नवा नाही. हैदराबाद संस्थानातील या भागात रझाकारांचा जुलूम सुरू असता सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले आणि तरुणांनी प्राणांची पर्वा केली नाही. त्यांचे ऋण आपण मानतो, मानलेच पाहिजे. परंतु सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाल्यावर जे घडले तेही याच मातीत घडले. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादची गणना केली. निरपराध मुसलमान बांधव मारले गेले. बाहेरून आलेल्या सशस्त्र माणसांकडेही त्या अहवालाने बोट दाखविले.

पीडिताच्या हाकेला ओ देऊन सीमा ओलांडणारा माणूस मोठाच होय. पण शोमरोन्याच्या हाती तेल आणि द्राक्षारस होता. ज्याच्या हाती बंदूक येते त्याच्यावर आणखी एक जबाबदारी पडते: आपल्या बाजूच्या माणसांनी ज्याला रस्त्यावर पाडले, त्याच्यापाशीही थांबण्याची.