अपूर्व आणि उद्याचे संगणकजाल

भविष्यातील संगणकजालांची रचना आणि चाचणी यांवर सरकारी तिजोरीतून खर्च करावा की नाही, हा प्रश्न बहुधा अर्थसंकल्पाच्या भाषेत विचारला जातो. परंतु त्याच्या मुळाशी असलेली अडचण फार जुनी आहे आणि पूर्वमीमांसेने ती जितक्या काटेकोरपणे हाताळली तितकी क्वचितच कोणी हाताळली असेल. यज्ञ आज होतो आणि आजच संपतो, स्वर्गरूपी फळ मात्र यजमानाच्या मृत्यूनंतर मिळायचे असते. मग संपून गेलेले कर्म इतक्या काळाने फळ देणार तरी कसे? या शंकेचे निरसन करताना शबरस्वामी आणि त्यांच्यानंतर कुमारिलभट्ट यांनी ‘अपूर्व’ ही कल्पना आधाराला घेतली. कर्म नष्ट झाले तरी त्यातून उपजलेली एक अदृश्य शक्ती शिल्लक राहते आणि योग्य काळी फळ घडवते. तिलाच मीमांसक अपूर्व म्हणतात.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पुरस्कारलेला ‘जेनी’ हा प्रकल्प या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इंटरनेटचा मूळ आराखडा १९७०च्या दशकातला असून जगाचा व्यवहार आता त्यावर इतका विसंबून आहे की त्याच्या गाभ्यात फेरफार करून पाहणे जवळजवळ अशक्य झाले आहे. पत्त्यांचा तुटवडा दूर करणाऱ्या आयपीव्ही६ची नियमावली १९९८मध्ये प्रसिद्ध झाली, तरी पाव शतक उलटूनही जुनी आयपीव्ही४ पद्धत हटलेली नाही. चालू जालाला धक्का न लावता नवे जाल उभारून पाहता यावे म्हणून जेनीची योजना झाली आणि तिचे कार्यालय २००७मध्ये बीबीएन या कंपनीकडे आले. १९६९च्या आर्पानेटसाठी संदेश पुढे पाठवणारी पहिली यंत्रे याच कंपनीने बांधली होती. अनेक विद्यापीठांच्या आवारांत संगणक आणि स्विच बसवण्यात आले, आणि संशोधकाला त्यांतील एक ‘स्लाइस’ मिळू लागला. ठिकठिकाणच्या यंत्रांचा थोडाथोडा वाटा आणि त्यांना जोडणारे मार्ग मिळून तयार झालेले, इतरांपासून अलग ठेवलेले छोटे जाल म्हणजे स्लाइस. त्यात माहितीची पाकिटे कोणत्या वाटेने न्यायची याचे नियम संशोधकाने स्वतः लिहावेत, आणि ते फसले तरी शेजारच्या स्लाइसला त्याची झळ लागू नये, अशी ती व्यवस्था होती.

याच काळात, २००८मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातून ‘ओपनफ्लो’ पुढे आले. स्विचमध्ये बंदिस्त असलेला मार्ग ठरवण्याचा अधिकार बाहेर काढून वेगळ्या प्रणालीच्या हाती देणारी ही पद्धत जेनीच्या आधाराने अनेक विद्यापीठांत वापरून पाहिली गेली. २०१२मध्ये याच विचारावर उभी असलेली निसिरा ही कंपनी व्हीएमवेअरने सुमारे १.२६ अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि त्याच वर्षी गूगलने आपल्या माहितीकेंद्रांना जोडणारे जाल ओपनफ्लोवर चालत असल्याचे जाहीर केले. फळ आले खरे. पण ते कोणाच्या पदरात पडले?

मीमांसेचा निर्णय असा की ऋत्विजाने दक्षिणा घ्यावी आणि फळ यजमानाचे असावे, कारण द्रव्याचा त्याग त्याने केलेला असतो. येथे ऋत्विज म्हणजे संशोधक, आणि द्रव्य करदात्याचे. परंतु करदात्याने संकल्प कधी सोडलेला नसतो, आणि फळाचा पहिला घास तिसराच घेऊन जातो. शिवाय अपूर्वाच्या पाठीशी वेदवचनाची हमी आहे, तशी हमी कोणत्याही अनुदान-प्रस्तावाला नाही. तरीही रोजगार आणि नफा यांची आश्वासने प्रस्तावांत इतक्या निःशंकपणे लिहिली जातात की लिहिणाऱ्यांना श्रुतीचे प्रामाण्य लाभले आहे असे वाटावे.

म्हणून अपूर्वाची उपपत्ती येथे लंगडी पडते, आणि अधिक उपयोगी ठरतो तो मीमांसेनेच केलेला काम्य आणि नित्य कर्मांतील भेद. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचे, आणि त्याची सर्व अंगे पुरी झाली नाहीत तर फळ नाही. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म मात्र यथाशक्ति करायचे, एखादे अंग राहिले तरी चालते, पण ते न करणे हाच दोष, ज्याला प्रत्यवाय म्हणतात. जेनीसाठी आरंभी कल्पिलेली भव्य बांधणी कधीच मंजूर झाली नाही आणि काम टप्प्याटप्प्याने, लहान प्रमाणावर झाले. काम्य कर्माच्या निकषावर ते निष्फळ ठरले असते, नित्याच्या निकषावर ते विधिवत आहे. यावर आक्षेप असा की ‘नित्य’ म्हटले की कोणताही खर्च खपवता येईल. तो वजनदार आहे, परंतु नित्य कर्मालाही विधी असतोच: येथे तो विधी म्हणजे प्रयोगाची साधने सर्वांना खुली ठेवणे आणि फसलेल्या प्रयोगांचीही नोंद प्रसिद्ध करणे. अनुदान मागणाऱ्याला ‘यातून काय मिळेल’ असे विचारण्याऐवजी ‘हे केले नाही तर काय अडेल’ असे विचारणे अधिक न्याय्य, कारण या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आयपीव्ही६च्या रखडलेल्या वाटचालीने आधीच दिलेले आहे. जेनी आता बंद झाला असून, त्याच फाउंडेशनच्या अनुदानातून २०१९मध्ये हाती घेतलेल्या ‘फॅब्रिक’ या नव्या प्रयोगजालाकडे ते काम गेले आहे.