सोवळे कोणाचे?

दिवाळीत कपाटे उघडतात. लक्ष्मीपूजनाला आजीचा शालू निघतो, आजोबांचे रेशमी सोवळे निघते. सूत विटाळते, रेशीम विटाळत नाही, ही आपली जुनी समजूत. पण हे शुद्ध वस्त्र होते कसे? रेशमाचा किडा स्वतःभोवती कित्येकशे मीटरांचा एकच अखंड धागा गुंडाळतो. पतंग होऊन तो बाहेर पडला, तर धागा तुटतो. म्हणून कोशातच त्याला वाफेने वा उष्णतेने मारतात. मुंग्यांना साखर घालणारे आपण देवापुढे बसतो, ते असे वस्त्र नेसून!

१९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द प्रचारात आणला. दुधाबरोबर कातडे, लोकर, रेशीमही ही मंडळी वर्ज्य मानतात. विचार आपल्याला परका नाही. गांधीजींचा आग्रह मेलेल्या गुरांच्याच कातड्याच्या चपलांचा होता. हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांतून रेशीम काढले.

मग सुती नेसले की सुटलो? हिंगोली जिल्हा कापूस पिकवणारा. शेजारच्या यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. आणि पॉलिस्टर? ते खनिज तेलातून येते, अन् धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात उतरतात.

म्हणून सारे सारखेच, असे मात्र नव्हे. कपाशीतले मरण निष्काळजीपणाचे आहे. ते टाळून कापूस पिकवता येतो. नेहमीच्या रेशमात मरण हीच कृती आहे. पहिल्याबद्दल जाब विचारावा, दुसऱ्याला नकार द्यावा. आजीचा शालू नेसल्याने नवा किडा मरत नाही. तो खुशाल नेसावा, फाटला तर रफू करावा. प्रश्न आहे तो मिरवण्यासाठी घ्यायच्या नव्या शालूचा.

याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज जातीचे शिंपी. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. कुत्र्याची भूक त्यांना दिसली, कारण कुत्रा समोर होता. कोशातला किडा आणि फवारणीचा मजूर दुकानाच्या गादीवर कधीच दिसत नाहीत. नव्या कपड्याला हात घालताना त्यांची आठवण ठेवणे, एवढे सोवळे तरी यंदा पाळावे.