कोलाडचा धक्का

रायगड जिल्ह्यातल्या कोलाड स्थानकात मालाने भरलेले ट्रक एकामागून एक मालगाडीच्या सपाट वाघिणींवर चढतात. चाकं जखडली जातात आणि गाडी गोव्यातल्या वेर्ण्याकडे निघते. चालक-क्लीनर ट्रकसोबतच असतात. कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा १९९९पासून चालू आहे. कशेडी आणि परशुराम घाट चढताना जळलं असतं ते डिझेल ट्रकच्या टाकीत तसंच राहतं. देशाच्या तेलाची काळजी वाटते तेव्हा मला हे राहिलेलं डिझेल फार मोलाचं वाटतं.

आपली आशा मात्र नेहमी नव्या विहिरीवर असते. ती अगदीच फोल नव्हती. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत भाव चौपट झाले. नेमकं तेव्हाच, फेब्रुवारी १९७४मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या तेल शोधणाऱ्या खोदकाम-फलाटाला तेल लागलं. १९७६मध्ये त्या क्षेत्राचं, म्हणजे बॉम्बे हायचं, तेल येऊ लागलं आणि देशाला उसंत मिळाली. त्या उसंतीत गरज आटोक्यात ठेवायला हवी होती. ते झालं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बहुतेक माल रेल्वेने जाई. तो हळूहळू रस्त्यावर उतरला. १९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेलाचं बिल फुगलं आणि पुढच्या वर्षी देशाने सोनं गहाण टाकलं. त्याला इतरही कारणं होती, पण तेलाचा धक्का त्यांतला मोठा.

आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांत ५३ लाख टन तेल साठवण्याची सोय आहे. गुहा काठोकाठ भरल्या, तरी ते जेमतेम नऊ-दहा दिवसांचं. साठा हवाच, पण त्याने फक्त थोडा वेळ मिळतो.

खपात सगळ्यांत मोठा वाटा डिझेलचा आहे, म्हणून मला कोलाड महत्त्वाचं वाटतं. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला घर्षण कमी. तेवढाच माल ओढायला ताकद कमी लागते. शिवाय २०२२मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. धुराचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पण तो कोळसा मुख्यतः आपल्याच खाणींतला आहे. आखाती तेलाची वाट असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काहीही घडलं, तरी तो अडत नाही.

ट्रकमालक हिशेबाचा पक्का असतो. गाडी ठरल्या वेळी सुटते, ठरल्या वेळी पोचते, एवढा भरवसा मिळाला तर तो आपणहून रुळावर येईल. कोलाडसारखे ट्रक चढवायचे धक्के चाकणच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या कारखान्यांजवळही हवेत. त्यासाठी समुद्राचा तळ खोदायची गरज नाही.